नाक तिखट आहे पण सायन्स नाही, जमेल का?

मध्यंतरी एक मुलगी आली होती, वय २४, कॉमर्स झालेली. म्हणाली, मॅडम मला अरोमाथेरपीत, म्हणजे सुगंधी तेलांच्या उपचारात, करिअर करायचंय पण बारावीला सायन्स नव्हतं आणि मी फारशी बोलकीपण नाहीये, मग कसं जमणार? नाकाचं मात्र तिला टेन्शन नव्हतं, लव्हेंडर कुठलं नि त्याचाच संकर असलेलं लव्हँडिन कुठलं ते डोळे मिटून सांगते म्हणे.

मी म्हटलं चल, मी तुझी क्लायंट, झोप लागत नाही, खांदे आखडलेत. झालं, तिने धडाधड तेलंच सांगायला घेतली, लव्हेंडर, मार्जोरम, वर थोडं बर्गमॉट, म्हणजे लिंबूवर्गातल्या एका फळाचं तेल. मिश्रण छानच होतं, पण पाच मिनिटांत मला एक प्रश्न विचारला नाही हो! आणि मी मनातल्या मनात चार महिन्यांची गरोदर, दमेकरी आणि मसाज झाल्यावर भर उन्हात जाणारी बाई होते. बर्गमॉटचं सालीतून काढलेलं तेल लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होते, हे तिला पाठ होतं, विचारायचंच राहिलं. मी हे सांगितल्यावर एकदम गप्प झाली.

सायन्सचं म्हणाल तर लागते तेवढी केमिस्ट्री कोर्सला शिकता येते, आणि ३० मिली बेस ऑइलला, म्हणजे ज्यात मिसळायचं त्या साध्या तेलाला, २ टक्के सुगंधी तेल म्हणजे साधारण १२ थेंब, हा हिशोब कॉमर्सवालीला काय अवघड? पण थेंब मोजून लिहायचे, बाटली कधी उघडली ते लिहायचं, याचा कंटाळा असेल तर अवघड आहे, कारण टी ट्री किंवा लिंबूवर्गातली तेलं हवा लागून जुनी झाली की त्वचेवर रॅश येऊ शकते, आणि ती थेरपिस्टच्या स्वतःच्या हातांवरपण, कारण दिवसभर तेलात तेच हात.

अबोल असण्याची मला काळजी वाटली नाही, ऐकणारं माणूसच हवं असतं तिथे. खरी अडचण निघाली 'नाही' म्हणण्याची. पुढच्या वेळी परत क्लायंट होऊन मी म्हटलं, तुझ्या तेलाने इतकं बरं वाटतंय की डिप्रेशनच्या गोळ्या बंदच करते. ती नुसती हसली. मी परत तेच, मग परत तेच. तिसऱ्यांदा पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, मी त्यात पडणार नाही." आवाज कापत होता, पण बोलली.

तिसऱ्या भेटीला स्वतः बनवलेला क्लायंट फॉर्म घेऊन आली, चांगला तीन पानी, जरा जास्तच. पहिलाच प्रश्न, इथून उन्हात जाणार आहात का?