जूनची माती, ऑगस्टची माती

इंदूर, रंगपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. कालच्या गेरच्या मिरवणुकीतला गुलाल अजून कानात आहे, तरी सकाळी मातीतून पाणी आणि नायट्रेट कसं झिरपतं याचं तुझं मॉडेल उघडून बसलो. आलेख देखणे आलेत. पण मातीच्या रकान्यात तू ‘सिल्टी क्ले’ (गाळमिश्रित चिकणमाती) निवडलंस आणि हायड्रस या संगणक-प्रोग्रामनं आपणहून भरलेला पाणी झिरपण्याचा आकडा, दिवसाला 0.48 सें.मी., तसाच राहू दिलास. माझं भांडण त्याच्याशी आहे.

मीही एकदा हाच आकडा घेतला होता. सांवेरकडच्या एका शेतात उकिरड्याला लागून विहीर. वर दोन मीटर काळी माती, खाली मुरूम, मग भेगाळ काळा दगड. सच्छिद्रता, म्हणजे मातीतल्या पोकळीचा वाटा, 0.36 धरली की पाणी दिवसाला जेमतेम 1.3 सें.मी. उतरतं, म्हणजे दोन मीटरला दीडशे ओले दिवस. माळव्यात एवढा लांब पावसाळा असतो कुठे? यंदा उकिरड्यातलं नायट्रेट विहिरीत पोचत नाही, असं अहवालात छातीठोक लिहून दिलं. जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला आणि चौथ्या दिवशी विहिरीतलं नायट्रेट पिण्याच्या पाण्याची 45 मि.ग्रॅ. प्रति लिटरची मर्यादा ओलांडून वर! शेतकरी रागावला नाही. एवढंच म्हणाला, की मे महिन्यात या भेगांत माझ्या म्हशीचं पाऊल अडकलं होतं, तेव्हा तुम्ही कुठे होता? मी तेव्हा पंख्याखाली बसून मॉडेलची ग्रिड, म्हणजे मातीचे हिशेबापुरते काप, बारीक करत होतो.

आपल्या मातीत स्मेक्टाइट हे पाण्यानं फुगणारं खनिज भरपूर. वाळली की आक्रसते, मीटरभर खोल भेगा पडतात. भिजली की फुगते आणि त्याच भेगा मिटतात. जूनची माती एक, ऑगस्टची दुसरी, आणि तू दोघींना एकच आकडा दिलास. मातीतून पाणी कसं वाहतं ते सांगणारं रिचर्ड्सचं 1931चं समीकरण चुकीचं नाही, पण ते ढेकळाचं आहे, भेगेचं नाही. तेव्हा मातीचे दोन भाग कर, ढेकळांचा आणि भेगांचा, दोघांत पाण्याची आणि क्षारांची देवाणघेवाण ठेव, आणि पाऊस मुरेल तसा भेगांचा वाटा घटू दे. पॅरामीटर वाढतील. मग नुसता एक आलेख जुळला म्हणून खूश होऊ नकोस. इतक्या खुंट्या पिळायला मिळाल्यावर काहीही जुळतं. विहिरीतली पाण्याची पातळी आणि नायट्रेट, दोन्ही एकाच वेळी जुळतात का ते बघ.

आणि हो, नायट्रेटला तू अमोनियमचा केडी, म्हणजे मातीला चिकटण्याचा आकडा, लावलायस. घाईत झालं असेल. चिकणमातीचे कण ऋणभारित. अमोनियमला धरून ठेवतात, नायट्रेटला उलट लोटतात. क्रोमियमचंही असंच, त्रिसंयुजी मातीत अडकून बसतं, षट्संयुजी क्रोमेट होऊन पाण्याबरोबर चालू लागतं. पदार्थाचं नाव पुरत नाही, तो कुठल्या रूपात आहे ते विचारायचं.

ग्रिड पन्नास सेंटिमीटरची आहे, ती पाचवर आण. काप जाड असले की हिशेबच नायट्रेट पसरवून टाकतो. तुझ्या आलेखातला तो छान पसरलेला डोंगर बराचसा गणिताचा आहे, मातीचा नाही.

मेमध्ये सुट्टी काढून घरी ये. सकाळी पोहे-जिलबी खाऊन त्याच शेतावर जाऊ. येताना सायकलची जुनी ब्रेकची तार आण. खोली मोजायला भेगेत सोडायची तर तिच्याइतकं चांगलं काही मिळत नाही, टेप मध्येच दुमडते.

तुझा,
काका