बीगल हाक मारली तरी येत नाही, काय करावं?

तुमचा बीगल आठ महिन्यांचा आहे, जळगावात फ्लॅटमध्ये राहतो, घरात गुणी. पण बाहेर पट्टा सुटला की नाक जमिनीला लावून निघतो आणि कितीही ओरडा, ढुंकून बघत नाही, असं तुम्ही लिहिलंय.

त्याला हट्टी म्हणू नका. ही जात इंग्लंडमध्ये सशाच्या मागावर सोडायला तयार केली. कुत्री पुढे, माणसं मागे. दर पावलाला मालकाचं तोंड बघणारं कुत्रं त्या कामाचंच नव्हतं. वास लागला की तुमची हाक त्याच्या कानावर पडते, पण डोक्यात शिरत नाही. म्हणून त्याला रस्त्यावर मोकळं सोडूच नका. शेताकडे नेत असाल तर आणखी जपा, फवारलेल्या कपाशीत कधी घुसेल याचा नेम नाही. छातीचा हार्नेस आणि लांब दोरी घ्या. नाक खाली असताना हाका मारून घसा कोरडा करू नका. मान वर झाली की एकदाच हाक मारा, आला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. जवळ बोलावून रागावू मात्र नका, पुढच्या वेळी तो येणारच नाही.

खरी मेहनत पायांपेक्षा नाकाला द्या. आमच्या भुसावळात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा फिरणं सकाळी लवकरच उरकावं लागतं. मग दिवसा मी माझ्या बीगलचा खुराक जुन्या गोणपाटाच्या घड्यांत लपवतो. आधी नुसतं फुरफुर ऐकू येतं, मग शेपटीचं पांढरं टोक जोरात हलायला लागतं, म्हणजे सापडलं समजायचं. एवढ्यावर गडी दमतो आणि फरशीवर ताणून देतो.

एकटं राहिलं की हेल काढून ओरडणं हेही रक्तातच आहे, कारण ही कुत्री कळपाने राहायची. दिवसभर घर बंद राहणार असेल तर ही जात घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत.

खाण्याच्या बाबतीत त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, पोट भरलं तरी तसंच बघतो. मोठ्या बीगलचं वजन साधारण 9 ते 11 किलो असावं. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. वांग्याच्या भरताच्या पार्टीत पाहुणे हमखास घास टाकतात, तिथे डोळ्यांत तेल घालून बसा: कांदा, कांद्याची पात, लसूण कुत्र्याला बाधतात. द्राक्षं, मनुकाही नकोत. केळ्याची एखादी चकती चालते, जळगावात तेवढं तर होणारच.

लोंबत्या कानांत हवा खेळत नाही. आठवड्याला कान उलटून वास घ्या, आतल्या बाजूला गोचीड बघा. आंबूस वास आला किंवा तो सारखी मान झटकत असेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. घरी काडी घालून कोरू नका.