‘मला माणसांशी बोलायला आवडतं’ एवढ्यावर भागत नाही

प्रश्न : ताई, मी चार वर्षं एका कंपनीच्या ग्राहकसेवा विभागात आहे. दिवसाला साठ-सत्तर फोन घेते. आता एका रिक्रूटमेंट कन्सल्टन्सीने, म्हणजे कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या संस्थेने, कन्सल्टंटच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावलंय. हातात दहा दिवस आहेत. भरतीच्या कामाचा अनुभव शून्य. नवरा म्हणतो, ‘तुला बोलता येतं, निभावून नेशील.’ मैत्रीण म्हणते, प्रश्नोत्तरं पाठ कर. पाठ करायला बसले, पण ‘हेच काम का करायचंय?’ या पहिल्याच प्रश्नाला ‘मला माणसांशी बोलायला आवडतं’ यापुढे माझी गाडी जात नाही. तयारी नेमकी कशाची करू?

उत्तर : ते वाक्य आधी वहीतून खोडून टाका. ते खोटं नाही, पण या जागेसाठी माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक प्रत्येकाने ते म्हटलेलं आहे आणि त्यातून मला कधीच काही कळलेलं नाही. या कामात बोलणं कमी आणि ऐकणं जास्त असतं. त्यातही समोरचा जे बोलायचं टाळतोय, ते ऐकावं लागतं.

माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट सांगते. एका क्लायंटसाठी, म्हणजे आमच्याकडून माणूस शोधून घेणाऱ्या कंपनीसाठी, प्रॉडक्शन मॅनेजरची जागा भरायची होती. उमेदवार उत्तम मिळाला. तीन फेऱ्या पार पडल्या, ऑफर लेटरवर सही झाली. जॉइनिंगच्या सोमवारी सकाळी साडेनऊला क्लायंटचा फोन, ‘अजून आले नाहीत.’ उमेदवाराचा फोन बंद. संध्याकाळी दोन ओळींचा मेसेज आला, घरगुती कारणाने जमत नाही. त्या रात्री मी माझी वही काढली. प्रत्येक फोनची नोंद ठेवायची सवय मला पहिल्या दिवसापासून होती. रुजू होण्याची तारीख ठरवण्यासाठी मी त्यांना तीनदा फोन केला होता आणि तिन्ही वेळा माझ्याच अक्षरात एकच उत्तर लिहिलेलं होतं : ‘बघतो, घरी बोलून सांगतो.’ घरी कोणाशी बोलायचंय, त्यांचं म्हणणं काय आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. नंतर कळलं, त्यांच्या पत्नीची नोकरी ते तेव्हा राहत होते त्या शहरात होती आणि नव्या जागेच्या शहरात तिची बदली होणं शक्य नव्हतं. पहिल्या आठवड्यात विचारलं असतं तर पहिल्या आठवड्यातच कळलं असतं. क्लायंटचे सात आठवडे गेले, माझे गेले आणि ज्या दुसऱ्या उमेदवाराला आम्ही थांबवून ठेवलं होतं, त्याचेही गेले. त्याचं मला आजही सगळ्यात वाईट वाटतं.

हे सांगितलं, कारण तुमची मुलाखत बहुधा याच जागी फिरणार आहे. मुलाखत घेणारे मध्येच एक रेझ्युमे पुढे सरकवतील आणि म्हणतील, ‘समजा हा उमेदवार मी आहे. मला फोन करा.’ काम करून दाखवायला सांगणं ही उगाच काढलेली युक्ती नाही. 1998 साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या संशोधकांनी निवडपद्धतींवरच्या 85 वर्षांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. उमेदवार पुढे कसं काम करेल याचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा प्रत्यक्ष कामाचा नमुना पाहून आणि सगळ्यांना ठरलेले तेच प्रश्न विचारून अधिक चांगला येतो, असं त्यात दिसलं. कन्सल्टंटच्या कामाचा नमुना म्हणजे फोन.

या फोनवर नवखे लोक काय करतात, ते मी शेकडो वेळा पाहिलंय. नाव सांगितलं की लगेच नोकरीची जाहिरात वाचायला लागतात : कंपनी मोठी आहे, पगार चांगला आहे, वाढीची संधी आहे. तुम्ही आधी विचारा, ‘आत्ता बोलायला मोकळे आहात का?’ समोरचा माणूस कदाचित आपल्या खुर्चीवर बसलेला असतो आणि त्याचे साहेब दोन हातांवर असतात. त्याची नोकरी जाऊ शकते अशा गोष्टीवर तुम्ही त्याला बोलतं करायला निघाला आहात. ही जाणीव ज्याच्या पहिल्या वाक्यात दिसते, त्याच्याकडे मी नीट लक्ष देते.

मग प्रश्न. आत्ताच्या कामात काय कमी पडतंय? नोटीस पिरियड किती? अजून कुठे बोलणी चालू आहेत? राजीनामा दिल्यावर साहेबांनी पगार वाढवून थांबायला सांगितलं तर काय कराल? हा शेवटचा प्रश्न सुरुवातीलाच विचारायचा असतो. ऑफर हातात पडल्यावर विचारून उपयोग नाही, तोवर उमेदवाराने मनात काहीतरी ठरवलेलं असतं. आणि मी ज्यात चुकले तो प्रश्न : ‘या निर्णयात अजून कोणाचा विचार घ्यावा लागणार आहे?’ शब्द हेच ठेवा. लग्न झालंय का, मुलं कधी, घरचे काय करतात, असं विचारायचं नाही. ते विचारायचा आपल्याला हक्क नाही. उमेदवाराला जेवढं सांगावंसं वाटेल तेवढं तो सांगेल, तुम्ही फक्त दार उघडं ठेवायचं.

मुलाखत घेणारे उमेदवार बनून म्हणतील, ‘मला रस नाही.’ तेव्हा गडबडून पुन्हा कंपनीचं कौतुक सुरू करू नका. ‘ठीक आहे. पुढे कधी बदल करायचा झालाच, तर कशासाठी कराल?’ असं विचारा, उत्तर कागदावर लिहून घ्या आणि ओळखीत कोणी इच्छुक आहे का ते विचारून फोन ठेवा. हा फोन फुकट गेला असं कोणी समजत नाही. ते टिपण वर्षभराने कामी येतं.

आता तुमचा अनुभव ‘शून्य’ असल्याबद्दल. चार वर्षं रोज साठ-सत्तर फोन घेणारी बाई असं लिहिते, याचं मला वाईट वाटलं. आज रात्री वही घेऊन बसा आणि असे तीन फोन आठवा, ज्यात ग्राहकाची तक्रार एक होती आणि खरं दुखणं दुसरंच होतं. समजा, कोणी बिलावरून भांडत होता आणि आधी तीनदा फोन करूनही कोणी परत फोन केला नाही, हे त्याच्या मनाला लागलेलं होतं. तुम्हाला ते कोणत्या शब्दावरून कळलं? तुम्ही काय विचारलं? पुढे काय झालं? हे तीन प्रसंग प्रत्येकी दोन मिनिटांत सांगता आले पाहिजेत. त्यातला एक तुमच्या हातून फसलेला असू द्या. ‘तुमची चूक सांगा’ हा प्रश्न येणारच आहे आणि त्यावर ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर ऐकून आम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळतो. ‘हेच काम का?’ याचं उत्तरही याच तीन फोनांमध्ये आहे, वेगळं शोधायला जाऊ नका.

कन्सल्टन्सीला पैसे कसे मिळतात, हे समजून न घेता मात्र जाऊ नका. साधारणपणे उमेदवाराच्या पहिल्या वर्षाच्या पगाराचा ठरलेला टक्का क्लायंट फी म्हणून देतो. बऱ्याच ठिकाणी उमेदवार रुजू झाला तरच फी मिळते, नाहीतर केलेली सगळी मेहनत पाण्यात. वरिष्ठ जागांसाठी काही वेळा क्लायंट फीचा काही भाग आधी देतो, काही शॉर्टलिस्ट (निवडक उमेदवारांची यादी) दिल्यावर आणि उरलेला जागा भरल्यावर. शिवाय करारात ठरावीक मुदत असते. तेवढ्यात उमेदवार सोडून गेला तर दुसरा शोधून द्यावा लागतो किंवा फीचा भाग परत करावा लागतो. हे माहीत असलं की माझ्या त्या सोमवारची किंमत तुमच्या लक्षात येईल, आणि ‘क्लायंटबरोबर तुमच्या करारांची पद्धत कोणती?’ हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारू शकाल. तो विचारणारा नवखा उमेदवार क्वचित भेटतो. कन्सल्टंटने स्वतः क्लायंट आणायचे की फक्त उमेदवार शोधायचे, हेही तिथेच विचारून घ्या. दोन्ही कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि जाहिरातीत तो बऱ्याचदा लिहिलेला नसतो.

शोधण्याच्या तंत्राचा थोडा सराव करा. जॉब पोर्टल आणि लिंक्डइनवर अँड, ऑर, नॉट हे तीन शब्द, अवतरणचिन्हं आणि कंस वापरून शोध लावतात. जॉर्ज बूल या 19व्या शतकातल्या गणितज्ञावरून त्याला बुलियन सर्च म्हणतात. ‘ऑर’मध्ये एकाच कामाची वेगवेगळी नावं घाला, कारण एकाच्या रेझ्युमेवर ‘पेरोल’ असतं तर दुसऱ्याच्या ‘सॅलरी प्रोसेसिंग’. ‘नॉट’ जपून वापरा. ‘नॉट ट्रेनी’ म्हटलंत तर ज्याने ‘दर वर्षी एक ट्रेनी तयार केला’ असं लिहिलंय, तो अनुभवी माणूसही गळतो. एवढं एक उदाहरण स्वतः करून बघा. मुलाखतीत विचारलं तर करून बघितलेलं सांगता येईल.

कंपनीच्या वेबसाइटवरचं ‘आमच्याविषयी’ पाठ करण्यात वेळ घालवू नका. त्यांच्या चालू जाहिराती वाचा. कोणत्या क्षेत्रातल्या जागा आहेत, कनिष्ठ की वरिष्ठ, कोणती जागा महिनाभर तशीच पडून आहे, ते बघा. त्या पडून असलेल्या जागेबद्दल विचारा.

प्रश्न : मी सहा वर्षं कंपनीच्या एचआरमध्ये भरतीचं काम करतोय. आता कन्सल्टन्सीत जायचंय. मुलाखतीत टार्गेटबद्दल विचारणार, हे नक्की. आमच्याकडे जागा भरायला दोन महिने लागले तरी चालायचं, त्यामुळे माझ्याकडे सांगण्यासारखे आकडे नाहीत.

उत्तर : आकडे आहेत, तुम्ही मोजलेले नाहीत. गेल्या वर्षी भरलेल्या जागा काढा आणि प्रत्येकीचा हिशोब उलटा लावा : एक माणूस रुजू व्हायला किती ऑफर द्याव्या लागल्या, तेवढ्या ऑफरसाठी किती मुलाखती झाल्या, मुलाखतींसाठी किती रेझ्युमे मॅनेजरकडे पाठवले, आणि तेवढे रेझ्युमे मिळवायला किती फोन केले. समजा एका जॉइनिंगमागे दोन ऑफर, सहा मुलाखती आणि पंधरा रेझ्युमे निघाले. मग महिन्याला दोन जागा भरायच्या तर तीस चांगले रेझ्युमे लागतील, हे तुम्ही तिथे बसल्याबसल्या सांगू शकता. आकडे लहान असले तरी खरे सांगा. मी स्वतः मोठ्या आकड्यांना भुलत नाही. गळती कुठे होते आणि ती कमी करायला काय केलं, हे मी विचारते. पंधरातले नऊ रेझ्युमे मॅनेजरने परत पाठवले असतील, तर जागेची गरज समजून घेण्यातच काहीतरी राहिलं होतं, आणि हे तुम्ही स्वतःहून कबूल केलंत तर मला तुम्ही हवे आहात.

तुमच्याकडे एक मोठी जमेची बाजू आहे. टेबलाच्या पलीकडे बसून कन्सल्टंटचे फोन तुम्ही सहा वर्षं घेतलेत. कोणाचा फोन उचलावासा वाटायचा आणि का, ते ठरवून जा.

प्रश्न : दोन वर्षं कन्सल्टंट आहे. दुसऱ्या कन्सल्टन्सीत मुलाखत आहे. मित्राने बजावलंय, ‘उमेदवारांची यादी आणि क्लायंटचे नंबर घेऊन येशील का, हे विचारतील. हो म्हण, नोकरी पक्की.’ काय सांगू?

उत्तर : नाही म्हणून सांगा. ती यादी तुमची नाही. ज्या लोकांनी विश्वासाने आपला पगार, फोन नंबर आणि नोकरी सोडायचा विचार तुमच्या कानावर घातला, त्यांनी तो त्या कामापुरता घातला. तुमच्या सध्याच्या करारातही याबद्दल कलम असण्याची शक्यता मोठी आहे, ते आधी वाचा. मुलाखतीत सरळ म्हणा, ‘यादी आणणार नाही. पण या क्षेत्रातले लोक कुठे सापडतात आणि कशासाठी नोकरी बदलतात, हे मला माहीत आहे. तीन महिन्यांत नवी यादी उभी करेन.’ हे ऐकून ज्यांचा चेहरा पडेल, ते उद्या तुमच्याकडून आणखी काय काय मागतील याचा विचार करा.

तिथे एक गोष्ट तुम्हीही विचारून घ्या : उमेदवाराकडून पैसे घेतले जातात का? खासगी रोजगार संस्थांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997च्या करारात, क्रमांक 181 मध्ये, कामगारांकडून फी घेऊ नये असं तत्त्व घातलेलं आहे. अपवाद फार थोडे आहेत. ‘रजिस्ट्रेशनचे थोडेसे घेतो’ असं उत्तर आलं तर आभार मानून उठा.

आणि ती यादी आत्ता तुमच्या घरच्या लॅपटॉपवर असेल, तर मुलाखतीला जायच्या आधी पुसून टाका.