शिबिराच्या आकड्यांवरून सिकलसेलची उत्क्रांती कितपत वाचता येते?

सर, धानोरा तालुक्यातील आपल्या गावच्या सिकलसेल (लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या करणारा आनुवंशिक आजार) तपासणी शिबिराचे आकडे आपल्या हाती आहेत. त्यांवरून हा गुणधर्म पिढ्यान्‌पिढ्या कसा टिकला हे बारावीच्या मुलांना दाखवता येईल का, आणि इतका घातक असूनही तो आपोआप नाहीसा का झाला नाही, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात सापडते. खरी अडचण पहिल्यात आहे.

अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिन जनुकात एका अक्षराचा बदल होतो आणि हिमोग्लोबिनमध्ये ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. या जनुकाच्या दोन्ही प्रती सिकल असल्या, म्हणजे व्यक्ती एसएस असली, तर आजार होतो. एकच असली, म्हणजे व्यक्ती एएस असली, तर ती सहसा निरोगी राहते आणि फाल्सिपेरम नावाच्या परजीवीमुळे होणाऱ्या हिवतापाच्या जीवघेण्या स्वरूपापासून तिला बरेच संरक्षण मिळते. शास्त्रज्ञ अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून हे मांडले. याचे गणित फळ्यावर करून दाखवण्याजोगे आहे. एसएस मूल वयात येण्याआधीच दगावते आणि सिकल नसलेली माणसे हिवतापामुळे एएस व्यक्तींपेक्षा १० टक्के कमी टिकतात असे धरले, तर सिकल प्रतींचे प्रमाण ०.१ भागिले १.१, म्हणजे सुमारे ९ टक्क्यांवर स्थिरावते. तिथून ते वर गेले तर आजाराचे मृत्यू त्याला खाली ओढतात, खाली आले तर हिवताप त्याला वर ढकलतो.

आता आपले आकडे. हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेला नियम वापरून आपण सिकल प्रतींच्या प्रमाणावरून अपेक्षित एएस (सिकल आणि साध्या प्रतींच्या प्रमाणांच्या गुणाकाराची दुप्पट) आणि एसएस (सिकल प्रमाणाचा वर्ग) काढाल, पण हा नियम सर्वांची लग्ने आपसांत, कोणताही भेद न होता जुळतात असे गृहीत धरतो. विदर्भातल्या कोणत्या गावात असे होते? समजा, १००० लोकांच्या गावात प्रत्येकी ५०० लोकांचे दोन समाज आहेत आणि त्यांच्यात सोयरिक होत नाही. एकात सिकल प्रतींचे प्रमाण २० टक्के आहे, दुसऱ्यात शून्य. पहिल्या समाजात १६० एएस आणि २० एसएस मिळतील. मात्र सारे गाव एक धरून हिशेब केला, तर सरासरी प्रमाण १० टक्के येते आणि त्यानुसार १८० एएस व केवळ १० एसएस असायला हवेत. एसएस दुप्पट कसे, याचे स्पष्टीकरण मग कोणी नात्यातल्या लग्नांत शोधेल, कोणी नैसर्गिक निवडीच्या (कोण जगते, कोण दगावते याच्या) दाबात, आणि दोघेही चुकतील, कारण फरक केवळ दोन समाज एकत्र मोजल्यामुळे पडलेला आहे.

म्हणून आकड्यांची विभागणी सोयरिकीच्या वर्तुळानुसार करावी. इथे उलट्या बाजूनेही घसरण्याचा धोका आहे. गोंड समाजातील चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे हे देवांच्या संख्येवरून ओळखले जाणारे गट वेगवेगळे मोजण्याचा मोह होईल. पण लग्न स्वतःच्या देवसंख्येच्या बाहेर करायचे असते, म्हणजेच हे गट एकमेकांत मिसळतात आणि त्यांना वेगळे करून हाती काही लागत नाही. माडिया, परधान किंवा बौद्ध कुटुंबांचा हिशेब मात्र स्वतंत्र ठेवावा, कारण या साऱ्यांत सिकल आढळत असले तरी प्रमाण सारखेच असेल असे नाही.

शिबिरात केवळ सोल्युबिलिटी चाचणी (रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच सांगणारी) झाली असेल तर हा खटाटोप करूच नये. ती एएस आणि एसएस यांत भेद करत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीचा अहवाल लागतो. शिवाय एखाद्या रुग्णाचे सारे भाऊबहीण तपासले गेले असतील, तर प्रमाण फुगलेले दिसेल. (मुलांसमोर घरांची नावे येऊ देऊ नका, एएस असल्याचे कळल्यावर जुळत आलेली सोयरीक मोडल्याचे आपल्याकडे घडते.) निवड प्रत्यक्ष दाखवायची असेल तर एकाच समाजातील नवजात बालके आणि प्रौढ यांची तुलना करावी लागते: प्रौढांत एसएस अपेक्षेपेक्षा कमी आणि एएस जास्त निघाले, तर मधल्या वयात कोण गळले हे कळते. आपल्या शिबिरात नवजात नसतील, त्यामुळे हा भाग वर्गात गणित म्हणूनच मांडावा.

इतिहास वाचायचा तर नुसते प्रमाण पुरत नाही. सिकल बदलाच्या आजूबाजूचे डीएनए तपासल्यावर भारतातील आणि अरबस्तानाच्या पूर्व भागातील बहुतेक सिकल प्रतींभोवती एकच नमुना आढळला. तो आफ्रिकेतील नमुन्यांहून निराळा आहे, आणि त्यामुळे हा बदल इकडे स्वतंत्रपणे उद्भवला असे मानले जाते. या नमुन्यासोबत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही अधिक राहते, म्हणून आपल्याकडचा आजार पुष्कळदा आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो. अर्थात रुग्णागणिक फार फरक पडतो.

हिवताप उद्या पूर्ण हटला तर सिकल किती दिवसांत जाईल, हेही मुले विचारतील. एकही एसएस मूल वयात येत नाही असे कठोर गृहीतक धरले, तरी १० टक्क्यांचे ५ टक्के व्हायला १० पिढ्या, म्हणजे सुमारे २५० वर्षे लागतात आणि ५ चे अडीच व्हायला आणखी २० पिढ्या. प्रमाण घटते तशा बहुतेक सिकल प्रती एएस व्यक्तींमध्येच राहतात आणि तिथे निवडीचा हात त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मिळून एसएस मुले मोठी होऊन संसार थाटू लागली आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात हा वेग याहूनही कमी राहील.