फ्लॅटच्या नूतनीकरणात प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार एकमेकांचं काम तोडतात. हा गोंधळ कसा टाळावा?

दोष सहसा कारागिरांचा नसतो, निर्णय उशिरा होतात. भिंत फोडण्याआधीच कमोड, नळ, गीझर, एसी यांची मॉडेलं पक्की करा. भिंतीपासून कमोडच्या आउटलेटचं अंतर मॉडेलनुसार बदलतं. फरशी बसल्यावर ते लक्षात आलं की नवी फरशी फुटलीच. स्विचबोर्डांच्या जागा भिंतीवर खडूने आखा, पलंग-कपाटांची मापं धरून.

साधारण क्रम असा: तोडफोड, पाइप आणि वायरिंग, वॉटरप्रूफिंग, फरशी, फॉल्स सीलिंग, सुतारकाम, रंग, मग फिटिंग. रंगाचा शेवटचा हात मात्र फिटिंग झाल्यावरच. पाइप बुजवण्याआधी प्रेशर टेस्ट (दाबाने पाणी भरून गळती तपासणं) घ्या आणि पाइपांशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, म्हणजे पुढे ड्रिल पाइपात जाणार नाही. वॉटरप्रूफिंगनंतर बाथरूममध्ये ४८ तास पाणी साठवून खालच्या घराचं छत तपासा. हे दोन दिवस वाचवायला जाणं सगळ्यात महागात पडतं.

फरशी १० टक्के जास्त आणि एकाच बॅचची घ्या. नंतर आणलेल्या बॅचची छटा जुळेलच असं नाही.

तोंडी बदल बंद. काय बदलायचं, किती पैसे, किती दिवस, हे व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून मगच होकार, तोही घरातल्या एकाच माणसाचा. (सासूबाई आणि सूनबाई सुताराला वेगवेगळं सांगतात, तिथे कपाट दोनदा बनतं.) पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचे १० टक्के उरलेल्या त्रुटींची यादी संपल्यावर.