दाऊदची जमीन विकली, पैसे कुणाकडे?

प्रश्न : जानेवारी २०२४ मध्ये आमच्या खेड तालुक्यातल्या मुंबके गावात दाऊदच्या घरच्यांच्या जमिनींचा लिलाव झाला. एका तुकड्याची राखीव किंमत जेमतेम पंधरा हजार आणि बोली गेली दोन कोटींवर! हे पैसे जातात कुठे? विचारायचं कारण घरातलं आहे. माझ्या मावशीने निवृत्तीचे सहा लाख एका दामदुप्पट योजनेत घातले आणि ते बुडाले. पोलिसांनी एमपीआयडीखाली गुन्हा नोंदवलाय, मालकाची दोन दुकानं आणि फ्लॅट सरकारने जप्त केलाय. तेही तिजोरीत जाणार असतील तर मावशीने आशा सोडायची का?
– एक वाचक, खेड

उत्तर : आशा सोडू नका म्हणावं. पावत्या कुठे सोडल्या असतील तर मात्र आजच शोधायला लागा.

तुम्ही दाऊदची जमीन आणि मावशींच्या प्रकरणातला ‘जप्त’ फ्लॅट एकाच रांगेत बसवलात. आम्ही महसूलवाले तिथेच पहिली रेघ मारायचो. टाच आली म्हणजे मालमत्ता मालकाच्याच नावावर राहते, फक्त त्याला ती विकता किंवा गहाण टाकता येत नाही. सरकारजमा झाली म्हणजे मालकाचं नावच गेलं. मुंबक्याची जमीन दुसऱ्या प्रकारातली. तस्करांच्या मालमत्तेसाठी १९७६ साली जो कायदा झाला, त्याखाली ती केंद्र सरकारची झाली आणि विक्रीचा पैसा भारताच्या संचित निधीत जातो. तिथे गेला की तो इतर महसुलात मिसळतो. त्यातून मुंबक्याला पाण्याची टाकी मिळेल असं कुणी समजू नये. शिवाय बोली म्हणजे भरणा नव्हे. १५,४४० रुपये राखीव किमतीच्या तुकड्यावर २.०१ कोटींची बोली लागली तेव्हा मला पहिला प्रश्न पडला, हा भरणार का? मुंबईतल्या दाऊदच्या तीन मालमत्ता २०१७ मध्ये एका ट्रस्टने ११.५८ कोटींना घेतल्या, तो भाव निदान भेंडीबाजारात शोभणारा होता.

अमली पदार्थांच्या गुन्ह्यांतला पैसा वेगळा. त्या कायद्यात स्वतंत्र राष्ट्रीय निधी आहे. सरकारजमा मालमत्तेच्या विक्रीची रक्कम त्यात जाते आणि तस्करी रोखणं, व्यसनमुक्ती, पुनर्वसन यांवर खर्च करता येते. अमेरिकेत अशा पैशातला ८० टक्क्यांपर्यंत वाटा स्थानिक पोलिसांना मिळू शकतो. आपल्याकडे ती सोय नाही, आणि नाही तेच बरं. फौजदाराला जप्तीत कमिशन दिलं तर काय होईल, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

आता मावशींचं. एमपीआयडी म्हणजे ठेवीदारांच्या रक्षणाचा आपल्या राज्याचा १९९९ चा कायदा. त्याखाली टाच आलेली मालमत्ता सांभाळायला उपजिल्हाधिकारी किंवा त्यावरच्या दर्जाचा सक्षम प्राधिकारी नेमतात. विशेष न्यायालयाने टाच कायम केली की विक्री होते आणि पैसा ठेवीदारांत हिश्शाने वाटला जातो. ठेवी दहा कोटींच्या आणि विकून आले चार कोटी, तर रुपयामागे चाळीस पैसे.

मी अशा कार्यालयात अडीच वर्षं काढली. आमचा एक टेम्पो पोलीस ठाण्याच्या आवारात तीन पावसाळे उभा होता. लिलावाला काढला तेव्हा बॉनेटमधून घाणेरी बाहेर आली होती. भंगारवाल्याने तो किलोवर मागितला. टाच आली त्याच आठवड्यात विकता आला असता, तर ठेवीदारांच्या पदरात चार पैसे जास्त पडले असते. एका बाईंनी ठेवीची पावती देव्हाऱ्यात समईशेजारी जपून ठेवली होती. कागद थर्मल, उष्णतेने पार काळाठिक्कर. शेवटी बँकेच्या पासबुकातल्या नोंदीवरून आम्ही रक्कम धरली.

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी प्रक्रियेत कलम १०७ आलंय. गुन्ह्यातून आलेली मालमत्ता न्यायालयाच्या आदेशाने जिल्हाधिकाऱ्यांनी ६० दिवसांत पीडितांमध्ये वाटायची. दावेदारच नसेल किंवा वाटून काही उरलं तरच ते सरकारजमा. ईडीच्या प्रकरणांतही परतफेड होते. मल्ल्याच्या मालमत्तेतून सरकारी बँकांना १४,१३१ कोटी परत गेल्याचं अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलं. बँकांकडे वकिलांची फौज असते. मावशींकडे तुम्ही आहात.

तेव्हा आर्थिक गुन्हे शाखेत जाऊन ठेवीदारांच्या यादीत मावशींचं नाव आणि रक्कम बरोबर चढली आहे का ते बघा. टाचेची अधिसूचना राजपत्रात निघाली का, सक्षम प्राधिकारी कोण, हेही तिथेच विचारा. पावत्या, पासबुक, एजंटाचे मेसेज यांच्या प्रती अर्जासोबत द्या, मूळ कागद कुणाच्याही हातात ठेवू नका, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मावशींनी घर किंवा बँक बदलली असेल तर तेही लेखी कळवा. आमच्याकडून वाटपाला गेलेली काही पाकिटं ‘पत्त्यावर नाही’ असा शेरा घेऊन परत आली होती.