पान संपवत होतो

(दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून सहा पानी पत्र आलं आहे. मुलगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. वर्षाला 52 पुस्तकं वाचायचा नेम, त्यांची नोंदवही आणि येत्या दिवाळीपर्यंत कादंबरी पुरी करायचा संकल्प. कादंबरी 11 पानांवर अडली आहे. ती पानं आणि नोंदवहीचा फोटो सोबत जोडलाय. वाचनाला किती वेळ द्यायचा, लेखनाला किती, याचं वेळापत्रक त्याला हवं आहे. पत्राच्या तळाशी वडिलांनी वेगळ्या पेनानं काही ओळी लिहिल्या आहेत.)

बाबू,

तुझी सहा पानं मी एकदा वाचली आणि तुझ्या वडिलांच्या ओळी चारदा. पत्र टपालात टाकायला तू त्यांच्याकडे दिलं असशील, म्हणजे त्या ओळी तुला कदाचित माहीतही नसतील. जशाच्या तशा देतो (जागली म्हणजे शेताची रात्रीची राखण, रोही म्हणजे नीलगाय):

"साहेब, हा जागलीवर ब्याटरी लावून वाचत राह्यते. परवा रोही आले अन् खालच्या तुकड्यातला हरभरा सपाट करून गेले. हा मचाणावरच होता. विचारलं तं म्हणते, पान संपवत होतो. पोरगं वाईट नाही. पण याले काय सांगू?"

अशा पत्रांना उत्तर देताना मी सहसा बापाची खरडपट्टी काढतो. पोराची उंची बसत नाही तरी पोलीस भरतीच हवी, पोरीला चित्रकला येते तरी डी.एड.च हवं, असे बाप मला रोज भेटतात. तूही दीड पान वडिलांच्या दबावावर खर्च केलंस. पण त्यांनी नक्की काय केलं ते शोधायला गेलो तर हाती एवढंच लागलं, की तलाठ्याचा फॉर्म भर असं ते दोनदा म्हणाले आणि वाचनालयाची अनामत त्यांनीच भरली. याला दबाव म्हणत नाहीत.

तुझ्यावर जोर करणारा माणूस पत्रात आहे खरा. तो तू आहेस.

नोंदवहीच्या फोटोत चार रकाने दिसतात. पुस्तकाचं नाव, पानं, सुरू केल्याची तारीख, संपवल्याची तारीख. डिसेंबरात सात पुस्तकं मागे पडलास म्हणून बालविभागातली पातळ पुस्तकं आणून आकडा भरलास, हे तूच लिहिलंस, आणि जरा अभिमानानं लिहिलंस. अभ्यासिकेत 'रोज 14 तास' अशी चिठ्ठी भिंतीला चिकटवून बसणारी पोरं मी पाहतो, त्यांचाच हा आजार. फक्त पुस्तकं वेगळी. अरे, कथा-कादंबऱ्यांना तरी अभ्यासक्रम करू नकोस. अमरावतीला खोली करून शिकत होतो तेव्हा मीही अशी यादी ठेवायचो. 212 नावं झाली होती. गेल्या वर्षी ती वही माळ्यावर सापडली, तर त्यातल्या कितीतरी नावांपुढे ती कादंबरी होती की प्रवासवर्णन तेही मला सांगता येईना. वाचून काय उरलं, हा पाचवा रकाना मीही आखला नव्हता.

आता तुझा मोठा गैरसमज. तू लिहितोस, "आधी वाचन पुरं झालं पाहिजे, तोवर लिहिण्याचा अधिकार नाही." हा अधिकार कोणत्या सेतू केंद्रातून मिळतो? वाचन कधी पुरं होत नसतं. मराठीतला पहिला गद्यग्रंथ म्हणून ज्याला मान आहे तो लीळाचरित्र तुझ्या घरापासून काही तासांच्या वाटेवर, रिद्धपूरला, तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहिला गेला. लिहिणारे म्हाइंभट शास्त्र शिकलेले पंडित होते, वाचनाला कमी नव्हते. पण या कामाला ते वाचन पुरणार नव्हतं. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडे ते गेले, विचारून विचारून आठवणी गोळा केल्या आणि स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून त्या तपासून घेतल्या. कोण कुठे बसलं होतं, काय खाल्लं, काय बोललं, हे सगळं आजही त्यात जिवंत आहे. आपल्या गद्याची सुरुवात माणसांना विचारण्यातून झाली, आणि इथे तू मचाणावर बसून रोह्यांकडे पाठ केलीस.

तुझी 11 पानं वाचली. नायक पुण्यात फ्लॅटच्या बाल्कनीत कॉफी घेत पाऊस बघतो, खाली छत्रीवाली मुलगी उभी आहे. यातलं काहीच वाईट नाही आणि काहीच तुझं नाही. ही बाल्कनी तू चाळीस पुस्तकांतून उचललीस. नवव्या पानावर मात्र एक ओळ तू लिहून खोडली आहेस. कागद उजेडासमोर धरून मी ती वाचली. नायकाची आजी वेचणीला निघताना बोंडातला कापूस कानात घालायची आणि म्हणायची, थंडी कानातून शिरते. ही ओळ का खोडलीस? फ्लॅटमध्ये शोभत नाही म्हणून? मग फ्लॅट काढून टाक.

वेळापत्रक मी देणार नाही. अर्धा तास हे आणि अर्धा तास ते अशी वाटणी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात करतात. पेरणीच्या दिवसांत दोन्ही होणार नाही, होऊ नये. एवढं मात्र करून बघ. नोंदवही उन्हाळ्यापर्यंत आईच्या पेटीत ठेव. वाचनालयातून एकच कथासंग्रह आण आणि त्यातली आवडलेली एक कथा तीनदा वाच. पहिल्यांदा नेहमीसारखी. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, लेखकानं काय सांगितलं नाही ते बघत. तिसऱ्यांदा शेवटाकडून सुरुवातीकडे, म्हणजे शेवटाची तयारी त्यानं कुठे करून ठेवली ते सापडेल. महिन्याला अशा दोन कथा झाल्या तरी पुष्कळ. जागलीवर पुस्तकही नको, वहीही नको. नुसतं ऐकायचं. सकाळी दारव्ह्याची एसटी यायच्या आधी रात्रीचं एक पान लिहायचं, आणि ते पान महिनाभर वाचायचं नाही.

कादंबरी सध्या सोड. दीड हजार शब्दांची कथा लिही. बऱ्याच दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, त्यामुळे कथा मे अखेरपर्यंत स्वच्छ अक्षरात तयार हवी. 1923 पासून चालत आलेला विदर्भ साहित्य संघ नागपुरात आहे, त्यांच्या 'युगवाणी' या नियतकालिकाकडे पाठव. मानधनाची आशा धरू नकोस. परत आली तर पुढच्या पत्त्यावर टाक.

आता तू पत्रात लिहिलेल्या त्या प्रकाशकाचं. 35,000 रुपये भरा, 300 प्रती काढून देतो, असं तो म्हणाला. देऊ नकोस. मध्यम धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव 7,710 रुपये क्विंटल, म्हणजे साडेचार क्विंटल कापूस झाला, वेचणीची मजुरी वेगळीच. त्या 300 प्रती तुझ्याच घरात तुरीच्या पोत्यांशेजारी पडतील आणि तू सोयऱ्यांना लग्नात वाटत फिरशील. लेखकाकडून पैसे घेणाऱ्याला तुझं पुस्तक विकायची गरजच उरत नाही.

रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ निघालंय, तिथे जाऊ का, असं विचारलंस. भाषेचा अभ्यास करायचा असेल तर जरूर जा. कथा लिहायला शिकवतील म्हणून जाऊ नकोस. एम.ए. करून नेट-सेट, पोलीस भरतीची 50 गुणांची शारीरिक आणि 100 ची लेखी, तलाठ्याची म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याची परीक्षा, हे रस्ते तुला माझ्याइतकेच माहीत आहेत. त्यातला एक धर आणि नीट धर, कारण कथेवर घर चालत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे, तिथे लिहिता हात कामी येईल, पण त्यासाठी म्हणून कथा लिहू नकोस.

भाऊ, आता तुमच्याशी. तुम्ही विचारलंत, याले काय सांगू. वाचू नको असं सांगू नका. जागलीवर ब्याटरी तुमच्याजवळ ठेवा आणि सकाळी चहाच्या वेळी, रात्री काय आलतं, किती आलते, कोणत्या धुऱ्यानं आलते, एवढं विचारा. त्यानं उत्तर दिलं नाही तर तुम्ही सांगा. चार ओळींत तुम्ही जे मांडलं ते त्याला 11 पानांत जमलेलं नाही, हे त्याच्या देखत लिहितोय. पोटाची चिंता तुमची खरी आहे, ती त्याला वर सांगितली. हरभऱ्याच्या नुकसानीचा अर्ज मात्र वनविभागाकडे केला नसेल तर आधी ते पाहा. रोही-डुकरांनी केलेल्या नुकसानीची भरपाई मिळते, पण अर्जाला मुदत फार थोडी असते. यावेळची हुकली असेल तर पुढच्या वेळी त्याच दिवशी पोराला पाठवा, अर्ज त्याच्याच हातानं लिहू द्या.

आणि अर्जात लागेल म्हणूनच नाही, मलाही जाणून घ्यायचंय: रोही किती होते? तुमच्या ओळींत तेवढंच राहून गेलं, आणि पोराला विचारून उपयोग नाही.